दोन रेषा, दोन पक्षी: पुनरावृत्ती नसलेल्या नक्षीचे तुकडे आखायची कृती

एकमेकांत बसणारे प्राणी काढायचे म्हटलं की बहुतेक जण आधी प्राणी काढतात. मासा काढला, कासव काढलं, आणि मग शेजारचा तुकडा बसेपर्यंत कडा तासत बसायचं. चौकोनी किंवा षट्कोनी जाळीवर हे कसंबसं निभावतं, पण तिथे ठरावीक अंतरावर तीच नक्षी पुन्हा येते. तशी न येणारी नक्षी हवी असेल तर काम उलट्या टोकाकडून करावं लागतं: आधी कड, मग प्राणी. इथल्या कृतीत आखायच्या आहेत फक्त दोन वाकड्या रेषा. त्या जमल्या की दोन्ही पक्षी आपसूक तयार होतात, आणि चुकल्या तर डोळे-पंख कितीही सुंदर रंगवा, तुकडे बसणार नाहीत.

डच चित्रकार एम. सी. एशर यांचे एकमेकांत बसणारे सरडे आणि पक्षी सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण ते गेले १९७२ मध्ये आणि गणितज्ञ रॉजर पेनरोझ यांच्या पुनरावृत्ती नसलेल्या फरश्या प्रसिद्ध झाल्या १९७४ मध्ये, त्यामुळे एशर यांच्या चित्रांतली फरसबंदी पुनरावृत्तीचीच आहे. पेनरोझ यांनी पुढे आपल्याच दोन आकारांच्या कडा वाकवून एक जाडा आणि एक रोडका असे दोन पक्षी केले. इथेही तोच मार्ग घेतला आहे, रेषा मात्र नव्या.

पाया: पतंग आणि बाण

दोन्ही आकारांना दोनच लांबीच्या बाजू आहेत. लहान बाजू ५० मिमी धरा, मग मोठी ८०.९ मिमी (५० × १.६१८). आकार लहान-मोठा करायचा असेल तर पुढची सगळी मापं त्याच पटीत बदला.

पतंगाचे कोन ७२, ७२, ७२ आणि १४४ अंश. मिमीमध्ये त्याचे कोपरे असे: शेपूट (०, ०), डावी बाजू (−४७.५५, ६५.४५), उजवी बाजू (४७.५५, ६५.४५), डोकं (०, ८०.९). बाणाचे कोन ७२, ३६, ३६ आणि खाचेत २१६. कोपरे असे: नाक (०, ६५.४५), दोन टोकं (−४७.५५, ०) आणि (४७.५५, ०), खाच (०, १५.४५).

आता कोपऱ्यांना ठिपके द्या. पतंगाच्या शेपटीला आणि डोक्याला काळा, दोन्ही बाजूंना पांढरा. बाणाच्या दोन्ही टोकांना काळा, नाकाला आणि खाचेला पांढरा. जुळणी करताना काळ्याशी काळा आणि पांढऱ्याशी पांढरा आला पाहिजे. हा नियम पाळला नाही तर पतंगाचं डोकं सरळ बाणाच्या खाचेत जाऊन बसतं, दोघांचा मिळून एक समभुज चौकोन होतो, आणि त्या चौकोनांनी न्हाणीघराच्या फरशीसारखी साधी नक्षी पसरत जाते. ठिपके पुसले जातात, लोक ते बघत नाहीत. म्हणून हा नियम आपल्याला कडेतच कोरायचा आहे.

दोन रेषा

प्रत्येक बाजूला एक काळं आणि एक पांढरं टोक आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला दिशा आहे. काळ्याकडून पांढऱ्याकडे चालत गेलो तर डाव्या हाताला फुगवटा, हा इथला एकमेव कायदा. सगळ्या मोठ्या बाजूंना एकच मोठी रेषा, सगळ्या लहान बाजूंना एकच लहान रेषा.

खालच्या बिंदूंत पहिला आकडा काळ्या टोकापासूनचं अंतर आहे, दुसरा डावीकडचं सरकणं (उणे म्हणजे उजवीकडे). सगळं मिमीमध्ये.

मोठी रेषा: (०, ०), (२०, ०), (२६, ३), (२२, ९), (३१, १३), (४१, १०), (४४, ३), (५२, ०), (६६, −३), (८०.९, ०).

लहान रेषा: (०, ०), (२०, ०), (२४, ८), (२९, ६), (३५, १०), (३९, ०), (५०, ०).

मोठ्या रेषेतला (२२, ९) हा बिंदू चोचीचं टोक आहे, ती किंचित मागे वळलेली आहे. (३१, १३) हा डोक्याचा माथा. लहान रेषेतली दोन शिखरं म्हणजे शेपटीची दोन पिसं. बिंदू आधी सरळ रेषांनी जोडा आणि मग कोपरे गोल करा. पहिल्या २० मिमीला मात्र हात लावू नका, ते सरळच राहू द्या.

ते २० मिमी का, हे बाणाच्या ३६ अंशाच्या टोकाकडे बारकाईने पाहिलं की कळतं. बाणाच्या उजव्या टोकाशी मोठी रेषा आत शिरते, कारण तिथे शेजारच्या पक्ष्याची चोच येणार असते. वरच्या मापांनी त्या चोचीपासून लहान बाजूपर्यंत जेमतेम ६ मिमी जाडी उरते. चोच टोकाकडे आणखी ५ मिमी सरकवली तर जाडी तीन मिमीच्या आत येते, आणि पुठ्ठा असो वा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), पहिल्याच दिवशी ते टोक तुटतं. ६ मिमी ही किमान मर्यादा समजा.

दोन्ही फुगवटे डावीकडेच का, याचं उत्तरही त्याच जागी आहे. बाणाच्या टोकातून मोठी आणि लहान दोन्ही रेषा निघतात. दोन्ही डावीकडे झुकल्या तर टोक कोयत्यासारखं वाकतं, पण त्याची जाडी राहते. लहान रेषा उजवीकडे फुगवली तर एका टोकाशी दोन्ही रेषा बाहेर येतात आणि ते सुजतं, दुसऱ्या टोकाशी दोन्ही आत शिरतात. वरच्या मापांत तर शेपटीची खाच थेट चोचीच्या खाचेत घुसते आणि टोक तुकड्यापासून सुटं होतं. स्वतःची रेषा आखताना ही चूक हमखास होते, कारण पतंगाच्या आकारात ती अजिबात दिसत नाही. म्हणून दोन्ही आकार पडद्यावर शेजारी उघडे ठेवूनच रेषा बदला.

आणखी एक पथ्य. फुगवटा बाजूच्या बरोबर मध्यावर आणि दोन्हीकडे सारखा ठेवू नका. तसा ठेवला तर कुणी एखादा तुकडा उलटा, पाठीवर टाकला तरी तो चुकीच्या जागी बसतो आणि नियम मोडतो. इंग्रजी एसच्या वळणाची रेषाही इथे नको, कारण ती अर्धा फेरा फिरवली तरी तशीच दिसते, म्हणजे काळं आणि पांढरं टोक यांत भेदच राहत नाही.

चार बाजूंना रेषा लावणं

संगणकावर रेखाटनासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि फुकट आहे. मोठी रेषा आडवी काढा: काळं टोक डावीकडे, पांढरं उजवीकडे, फुगवटा वर. लहान रेषाही तशीच. आता प्रत्येकीचे क्लोन घ्या (आल्ट-डी). नुसती नक्कल घेऊ नका. क्लोनचा फायदा असा की मूळ रेषेतला एक बिंदू हलवला की त्या रेषेच्या चारही बाजू त्याच क्षणी बदलतात आणि दोन्ही पक्षी डोळ्यांसमोर घडत जातात. खरं चित्रकाम होतं ते इथे.

क्लोन घड्याळाच्या उलट दिशेने असे फिरवा. पतंगाला मोठी रेषा १२६ अंश (डावी) आणि ५४ अंश (उजवी), दोन्ही शेपटीपासून. लहान रेषा १९८ अंश (डावी) आणि ३४२ अंश (उजवी), दोन्ही डोक्यापासून. बाणाला मोठी रेषा डाव्या टोकापासून ५४ अंश आणि उजव्या टोकापासून १२६ अंश. लहान रेषा डाव्या टोकापासून १८ आणि उजव्या टोकापासून १६२ अंश. काळं टोक कोपऱ्यावर नेमकं बसवायला स्नॅप (टोक आपोआप बिंदूला चिकटवणारी सोय) चालू ठेवा.

फक्त फिरवायचं, आरशातली प्रतिमा कधीही घ्यायची नाही. डावी बाजू छान झाली म्हणून तीच उलटवून उजवीकडे लावायचा मोह होतो. पक्षी मग दोन्हीकडून सारखा आणि देखणा दिसतो, आणि शेजारचा पक्षी आला की फुगवट्यावर फुगवटा आपटतो. तपासायची सोपी खूण: प्रत्येक तुकड्यावर मोठी रेषा एकदा बाहेर, एकदा आत, लहान रेषाही एकदा बाहेर, एकदा आत. जेवढं एका बाजूने वाढलं तेवढंच दुसऱ्या बाजूने कमी झालं, त्यामुळे क्षेत्रफळही बदलत नाही: पतंग ३८.५ चौ. सेंमी, बाण २३.८ चौ. सेंमी.

आत काय दिसतं

पतंगात शेपटीचा कोपरा म्हणजे पाय. त्याच्या जरा वर डावीकडे डोकं बाहेर येतं, अंग वरच्या बाजूला रुंद आहे आणि उजवीकडे वर दोन पिसांची शेपटी. दाणे टिपायला वाकलेली कोंबडी. बाणात डावं टोक पाय, त्यावर डोकं, नाक म्हणजे वर उभारलेला पंख आणि उजवं टोक मागे गेलेलं लांब पीस. हे झालं उडायच्या बेतात असलेलं पाखरू. रेषा तीच असल्यामुळे दोघांचं डोकं हुबेहूब सारखं आहे. फरक डोळ्याने करा: कोंबडीला तुरा आणि गोल डोळा, पाखराला नुसता ठिपका.

आतल्या रेघा मोजक्याच ठेवा. नक्षीत हे पक्षी ३६ अंशांच्या टप्प्याने दहाही दिशांना तोंडं करून बसतात, म्हणजे निम्मे उलटे दिसणार. उभ्याने चालणारा प्राणी, माणसाचा चेहरा, जमिनीची रेघ असलं काही काढलं तर उलटे तुकडे खटकतात. वरून पाहिल्यासारखा किंवा वाकलेला प्राणी निभावून जातो.

पुठ्ठ्यावर परीक्षा

लेझरवाल्याकडे जाण्याआधी जाड पुठ्ठ्याच्या ५ कोंबड्या आणि ५ पाखरं कापा. तीन जुळण्या करून बघा. पाच कोंबड्यांचे पाय एका बिंदूवर आणून पूर्ण चक्र झालं पाहिजे. पाच पाखरांचे उभारलेले पंख एका बिंदूवर आणून चांदणी झाली पाहिजे. आणि एका पाखराच्या खाचेत दोन कोंबड्या शेजारी शेजारी बसल्या पाहिजेत. तिन्ही जमलं तर रेषा बरोबर आहेत. चक्र मिटताना शेवटची फट राहिली किंवा तुकडा अडला तर बहुधा क्लोनचं टोक कोपऱ्यापासून थोडं सरकलेलं असतं. आता मुद्दाम कोंबडीचं पतंगाच्या डोक्याकडचं (१४४ अंशाचं) टोक पाखराच्या खाचेत घालून बघा. ते बसता कामा नये.

नकाशा: मोडत जायचं

हाताने एकेक तुकडा लावत गेलात तर अडकाल. नियम एकाही ठिकाणी न मोडता अशी स्थिती येते की पुढे कुठलाच तुकडा लागत नाही. चूक वीस तुकड्यांपूर्वी झालेली असते आणि ती दिसत नाही. भिंतीवर किंवा मेजावर कायमचं बसवायचं असेल तर आधी सरळ रेषांचा नकाशा करा. युक्ती अशी की मोठे पतंग घेऊन ते लहान पतंग-बाणांत मोडत जायचं.

पतंग मोडताना शेपटीपासून डोक्यापर्यंत मधली रेषा काढा. तिच्यावर शेपटीपासून लहान बाजूइतक्या अंतरावर एक खूण करा. दोन्ही मोठ्या बाजूंवर पांढऱ्या कोपऱ्यापासून लहान बाजूइतक्याच अंतरावर एकेक खूण करा. मधली खूण या दोन खुणांना जोडा. झाले दोन लहान पतंग आणि दोन अर्धे बाण. बाण मोडणं त्याहून सोपं: दोन्ही मोठ्या बाजूंवर नाकापासून लहान बाजूइतक्या अंतरावर खुणा करून त्या खाचेला जोडा. एक पतंग आणि दोन अर्धे बाण मिळतात. अर्धे बाण शेजारच्या तुकड्यातल्या अर्ध्यांना मिळून पुरे होतात.

सुरुवात ३४२.७ मिमी मोठ्या आणि २११.८ मिमी लहान बाजूच्या पाच पतंगांनी करा, शेपट्या मध्यभागी. त्यांचा ६८.५ सेंमी व्यासाचा नियमित दशकोन होतो. तीनदा मोडलं की बाजू बरोबर ८०.९ आणि ५० वर येतात. मोजणी अशी चढते: ५ पतंग, मग १० पतंग, ५ बाण, मग २५ आणि १५, मग ६५ आणि ४०. शेवटच्या टप्प्यात दशकोनाच्या कडेवर १० पतंग आणि १० बाण अर्धेच पडतात. ते पुरे ठेवायचे, म्हणजे प्रत्यक्ष लागतात ७० कोंबड्या आणि ४५ पाखरं. हरवण्या-तुटण्यासाठी दोन-दोन जास्त कापा.

नकाशा न करता मुलांना खेळायला डबा भरून द्यायचा असेल तर ८९ कोंबड्या आणि ५५ पाखरं ठेवा. नक्षी जितकी पसरते तितकं हे प्रमाण १.६१८ च्या जवळ जातं. ५५ आणि ८९ ओळखीचे वाटले असतील: ते फिबोनाची मालिकेतले आहेत, जिच्यात प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो. छंदातल्या लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात हीच मालिका मांडली होती.

कापणं

३ मिमी एमडीएफवर लेझर साधारण ०.१५ ते ०.२ मिमी जागा खाते. रंग न लावता ठेवायचं असेल तर तेवढी मोकळीक पुरते. दोन हात रंग लावणार असाल तर प्रत्येक तुकडा सगळीकडून ०.१ मिमी आत घ्या. हे फालतू वाटतं, पण नक्षीच्या आरपार दहा-अकरा तुकडे येतात. प्रत्येकी ०.३ मिमी वाढला तर शेवटी ३ मिमीचा घोळ होतो आणि कडेचे पक्षी चौकटीत मावत नाहीत.

लेझर यंत्राच्या १३०० × ९०० मिमीच्या बेडवर पूर्ण नकाशा एकदम मावतो. नकाशातूनच कापत असाल तर शेजारच्या दोन तुकड्यांची सामाईक कड फाइलमध्ये दोनदा असते. ती एकदाच ठेवा, नाहीतर लेझर त्याच जागी पुन्हा फिरते, कड काळी पडते आणि चोच जळते. कापायला देताना क्लोन सोडवून रेषा जोडून घ्या, मूळ फाइल मात्र क्लोनसकट जपून ठेवा. हाताने सनबोर्ड कापत असाल तर चोचीच्या आतल्या कोपऱ्याला १ मिमीची गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यात कटर हमखास पुढे जातो.

एमडीएफ पावसाळ्यात ओल पिऊन फुगतं, कोकणात तर फारच. सीलर वरच्या बाजूला लावला आणि कडा कोऱ्या सोडल्या तर फुगतात त्या कडाच. दोन्ही बाजू आणि कडा, सगळीकडे एक पातळ हात द्या.

लावणं आणि रंग

नकाशाशिवाय लावायचं असेल तर आधी सक्तीच्या जागा भरा. पाखराच्या खाचेत दोन कोंबड्यांशिवाय दुसरं काहीच बसत नाही, तेव्हा पाखरू ठेवलं की त्या दोन लगेच ठेवा. दोन पाखरं लहान बाजूने एकमेकांना कधीच लागत नाहीत. एका बिंदूभोवती फक्त सात प्रकारच्या जुळण्या शक्य आहेत, आणि गणितज्ञ जॉन कॉनवे यांनी त्यांना नावंही दिली: पाच कोंबड्यांचा सूर्य, पाच पाखरांची चांदणी, आणि उरलेल्या पाचांना पत्त्यांची. दोन कोंबड्या-एक पाखरू म्हणजे एक्का, दोन-दोन म्हणजे दुर्री, तीन-दोन म्हणजे गुलाम, चार-एक म्हणजे राणी, दोन-तीन म्हणजे राजा. आठवा प्रकार दिसला तर तुकडा रेटून बसवलेला आहे. अडकलात तर एकदोन तुकडे काढून काही होत नाही. त्या बाजूचे दहा-पंधरा उचला.

शेजारी शेजारी एकच रंग येऊ द्यायचा नसेल तर तीन रंग पुरतात. पण तो हिशेब नकाशावर पेन्सिलने आधी करावा लागतो. कोंबड्या एका रंगाच्या आणि पाखरं दुसऱ्या रंगाची ठेवणं त्याहून सोपं, आणि आमच्या मते दिसतंही जास्त चांगलं. लांबून पाहिलं की पाखरांच्या चांदण्या उठून दिसतात.

एकाच प्राण्याने हे होत नाही का? होतं. डेव्हिड स्मिथ, जोसेफ मायर्स, क्रेग कॅप्लन आणि खाइम गुडमन-स्ट्रॉस यांनी २०२३ मध्ये १४ समान बाजूंचा असा एकच आकार दाखवला. तिथे वर वर्ज्य सांगितलेली एस-वळणाची रेषाच कामाला येते: सगळ्या बाजूंना एकाच दिशेची लावली की तुकडा उलटा टाकता येत नाही. पण चौदा बाजूंना तेच वळण आलं की प्राण्याऐवजी आल्याचा गड्डा दिसायला लागतो. पहिल्या प्रयत्नाला दोन पक्षीच बरे.

चिकटवताना मध्यापासून बाहेर जा. चोच मागे वळलेली असल्याने तुकडा बाजूने सरकवून बसत नाही, वरून खाली ठेवावा लागतो. म्हणून लाकडाचा डिंक पाटावर पातळ पसरा, तुकड्याच्या कडेला लावू नका. कडेला लावलेला डिंक दाबला की वर येतो आणि फटीत पांढरा वाळतो. एका वेळी आठ-दहा पक्ष्यांपुरताच डिंक पसरा, आणि शेवटचा वळसा कोरडा लावून बघितल्याशिवाय चौकट ठोकू नका.